बिडकीनहून शिकारीला, सहकुटुंब

आधीच सांगून टाकतो, बंदूक नाही. जाळं नाही, फासे नाहीत, पोरांच्या हातात गलोलसुद्धा नाही. तरी आमच्या घरात दिवाळीपासून दुसरा विषय नाही: शिकारीला जायचंय! कार्तिकात, थंडी धरता धरता, अख्खं खटलं घेऊन, झोपायची-रांधायची सोय असलेल्या गाडीतून, हरणांच्या मागावर. कपाटाच्या दारावर येवला तालुक्याचा नकाशा चिकटवलाय. मोबाईलमध्ये वाऱ्याची दिशा दाखवणारं ॲप आलंय. माय जपमाळ ओढता ओढता मध्येच थांबते आणि विचारते, "आरं पन, मारनार नाहीत ना तुमी?" आम्ही सगळे एका सुरात, "नाही माय!" तिचा विश्वास बसत नाही. एकदा शिकार म्हटलं की तुळशीची माळ घातलेल्या बाईचा विश्वास बसणारच नाही.

बिडकीनच्या पैठण रस्त्यावर कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या, खत-बियाण्यांच्या उधारीच्या वह्यांत बुडालेल्या माणसाला हे वेड लागलं ते लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. टेक्सासला असणाऱ्या भाच्याने व्हिडिओ कॉल केला. शुभेच्छा झाल्या, फराळाच्या ताटावरून कॅमेरा फिरला, आणि मग त्याने त्याच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचं अंगण दाखवलं. तिथं एक पांढरी, चाकांची खोलीच उभी होती. मागं ओढायचा कॅम्पर ट्रेलर. आत पलंग, शेगडी, बेसिन. "मामा, हे लोक नोव्हेंबर लागला की बायका-पोरांसकट हरणाच्या शिकारीला जातात. आठवडा आठवडा त्यातच राहतात." मी आपला "वा वा" करत होतो. तेवढ्यात मागच्या भिंतीवर टांगलेलं शिंगांचं जोड दिसलं आणि माझ्या हातातली चकली हातातच राहिली. पिळदार, कड्याकड्यांची, वर उघडत गेलेली शिंगं. अरे, हे तर आपलं काळवीट!

खरंच आपलं. रात्री फटाके संपेपर्यंत मी वाचत बसलो. १९३२ मध्ये काही काळविटं टेक्सासात नेऊन सोडली, तिथल्या माळावर ती रुजली, आणि आज ती हजारोंच्या संख्येत आहेत. तिथं त्यांना परदेशी प्राणी धरतात, त्यामुळे त्यांच्या शिकारीला बंद हंगामच नाही. परवाना काढा, जमीनमालकाचे पैसे भरा आणि बारा महिने मारा. आणि इकडे मायदेशात त्याच प्राण्याच्या केसाला धक्का लावला तर तीन ते सात वर्षं तुरुंग. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. १९९८ साली जोधपूरजवळच्या कांकाणी गावातलं काळविटाचं प्रकरण सलमान खानला किती वर्षं चिकटून राहिलं, ते सगळ्या देशाने पाहिलंय. म्हणजे टेक्सासवाल्याचा बेत जसाच्या तसा उचलायचा, फक्त शेवटची गोळी वगळायची. बाकी सगळं तसंच. माग काढायचा, वारा बघायचा, पहाटे उठायचं, गाडीत राहायचं, पोरांना शिकवायचं. झोपायच्या आधी मी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "दिवाळीची झोप घ्या जरा."

पण घरातच याचा जुना धागा निघाला. दुसऱ्या दिवशी पाडव्याच्या जेवणावर थोरल्या दादाने आजोबांची गोष्ट काढली. निजामाच्या राज्यात आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, हे मला ठाऊक होतं. ते हरणाला जाताना बैलगाडी न्यायचे, गाडीवर तट्ट्या बांधायचे आणि आत आजी, आत्या, पाण्याची घागर, ज्वारीचं पीठ असं सगळं असायचं, हे मात्र पहिल्यांदाच ऐकलं! दोन-दोन रात्री माळावर मुक्काम. "मग तो कॅम्परच की," पुतण्या म्हणाला. आणि गाडीचा उपयोग नुसता मुक्कामाला नव्हता. दादाने सांगितलं ते ऐकून मी ताटावरून उठायचाच बाकी होतो. चालणारा माणूस दिसला की हरीण अर्ध्या मैलावरून पळतं, पण बैलगाडीला बुजत नाही. आजोबा गाडीच्या मागच्या चाकाआडून चालायचे.

हे आजोबांचं एकट्याचं शहाणपण नव्हतं. पाळलेल्या बैलाच्या आडोशाने हरणाजवळ सरकायची फासेपारध्यांची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची. राजेरजवाडे शिकारी चित्ते न्यायचे तेही बैलगाड्यांवर, डोळ्यांवर टोपी चढवून. काळवीट पुरेसं जवळ आलं की टोपी काढायची आणि सोडायचा. अकबर-जहांगीराच्या दरबारी चित्रांत हे आहेच, पण आपल्याकडे कोल्हापूरला तर शाहू महाराजांच्या पदरी चित्ते होते आणि ते सांभाळणारी चित्तेवानांची घराणी होती. सांभाळणारे होते, हरणं होती, चित्ताच संपला. १९५२ मध्ये तो देशातून नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं. त्याच्या पुढे पळायला शिकलेलं हरीण मात्र अजून ताशी ८० किलोमीटरने पळतंय. मागं चित्ता नसताना! हे वाचलं तेव्हा मी दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मोठ्याने "अरे बापरे" म्हणालो. त्याला वाटलं युरियाचा भाव वाढला.

आता प्रश्न, जायचं कुठं. पहिलं नाव सगळे घेतात ते रेहेकुरीचं. कर्जत तालुक्यातलं काळवीट अभयारण्य, १९८० सालचं. जवळ आहे, हरीण नक्की दिसतं, पण क्षेत्रफळ बघा: २.१७ चौरस किलोमीटर. आमच्या बिडकीनला ऑरिकची जी औद्योगिक वसाहत होतेय ना, दिल्ली-मुंबई कॉरिडॉरमधली, ती ३२ चौरस किलोमीटरची आहे. म्हणजे आमच्या गावाशेजारच्या कारखान्यांच्या जागेत रेहेकुरीसारखी चौदा अभयारण्यं मावतील. ही तुलना मी दादाला सांगितली तर तो म्हणाला, "जमिनीचे पैसे आले तेव्हा नाही आठवली तुला हरणं." त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, मी भाकरी मोडली.

दुसरं नाव चिंकाऱ्यासाठी सुप्याच्या मयूरेश्वराचं, पण ते लांब. आणि तिसरं जे नाव सापडलं त्याने माझी झोपच उडवली: ममदापूर. येवला तालुक्यात, राजापूर-ममदापूरच्या माळावर, ५४ चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र. वैजापूर ओलांडलं की आलंच. लग्नाकार्याला त्या रस्त्याने आम्ही इतक्यांदा गेलोय आणि डावी-उजवीकडे काय आहे ते कुणी सांगितलं नाही. संवर्धन राखीव हा प्रकार कायद्यात नंतर घातला गेला, अभयारण्याच्या मानाने सैल. सरकारी जमीन असते, पण आजूबाजूच्या गावांना विचारून, त्यांना धरून चालवायची. तिथं तारेचं कुंपण नसतं. हरीण राखीव माळावरून उठतं आणि कुणाच्याही हरभऱ्यात येऊन उभं राहतं. आमच्यासारख्यांना हेच तर हवं होतं. (हरभऱ्याच्या मालकाला ते हवं असतं का, ते पुढं सांगतो.)

टेक्सासचे लोक मोसमाआधी जागा हेरून येतात म्हणे. मग आम्हीही हेरायला गेलो. पुतण्या आणि मी, मोटारसायकलवर, आदल्या रात्री वैजापूरला चुलत बहिणीकडे मुक्काम टाकून. पहाटे अंधारातच निघालो. दोन स्वेटर, मफलर, वर कानटोपी, तरी गुडघे गोठले. येवल्याच्या अलीकडून आत वळलो आणि दिवस फुटता फुटता माळ दिसायला लागला. मुरमाड, उतरता, पिवळं पडत चाललेलं गवत, मध्येच एखादी बाभूळ, एखादी हिवर, लांबवर काळ्या टेकड्या. आमच्या गावाकडे ज्याला आपण पड म्हणून तोंड फिरवतो अगदी तसलाच.

वन विभागातल्या एका माणसाला आधी फोन केला होता. तो कच्च्या रस्त्याच्या कडेला उभाच होता. त्याने पहिली गोष्ट सांगितली: "गाडी बंद करू नका एकदम. हळू येऊ द्या. आणि उतरू नका." पुन्हा आजोबांचं चाक! आम्ही फटफटत, पायी चालल्यासारखे पुढे सरकलो. शंभर पावलं गेलो असू, आणि उजवीकडच्या गवतात सगळं पिवळंच पिवळं असताना एक तुकडा हलला. मग दुसरा. मग कळलं की तो अख्खा उतारच हरणांचा आहे. माद्या, पाडसं, शिंगं फुटू लागलेले भुरे नर, सगळे एकाच मातीच्या रंगाचे. मान वर, कान आमच्याकडे.

आणि त्यांच्यापासून लांब, एकटा, तो.

मी आजवर काळवीट चित्रात पाहिलं होतं, कॅलेंडरवर पाहिलं होतं. पण तो रंग चित्रात येतच नाही हो! वरून काळाशार, पोटाखाली पांढराशुभ्र, आणि दोन्हींमधली रेघ कुणी फूटपट्टी धरून आखल्यासारखी. डोळ्याभोवती पांढरं कडं. हनुवटी पांढरी. शिंगांना तीन-साडेतीन पीळ आणि प्रत्येक पिळावर जवळजवळ बसवलेली वळी. तो एका खुरट्या बाभळीपाशी आला. मान तिरपी केली. डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यात एक काळी चीर असते, ती उघडली, अक्षरशः खिशासारखी उघडली, आणि त्याने फांदीचं टोक त्या चिरेत सावकाश घासलं. एकदा, दोनदा. आपला वास तिथं लावून ठेवला. मग चार पावलं चालला, थांबला, आणि एका ठरलेल्या जागी लेंड्या टाकल्या. खाली जुन्या लेंड्यांचा ढीगच होता. वन विभागाचा माणूस हळूच म्हणाला, "ही त्याची पाटी. माझं शेत म्हणून." पुतण्याने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर वळ दिसला.

मग एक मादी त्याच्या हद्दीत आली आणि बघण्यासारखा थाट सुरू झाला. नाक आभाळाकडे, शिंगं पाठीवर टेकलेली, कान खाली पाडलेले, शेपटी वर, आणि पाय असे उचलत चालला की वाटावं वरातीतलं घोडं. घशातून घुर्र घुर्र आवाज. मादीने ढुंकून पाहिलं नाही, चरत निघून गेली. तो तिथंच, नाक वर. मला त्याची फार दया आली आणि हसूही आलं.

तेवढ्यात कुठल्याशा शेतातून कुत्रं भुंकलं. एका हरणीने जागेवरून उसळी घेतली, चारही पाय एकदम, माणसाच्या डोक्याइतकी उंच, पळायची घाई नसताना नुसती उभीच्या उभी वर. मग दुसरी, मग तिसरी, आणि मग अख्खा कळप उतरणीवरून उड्या मारत गेला. आवाज जवळजवळ नाही. इतकी जनावरं पळतात आणि टापांचा आवाज इतकाच. धूळ उन्हात लाल झाली होती. मी हेल्मेट डोक्यात असताना दोन्ही हात तोंडावर मारायला गेलो.

परतल्यावर वाचायचा सपाटाच लावला. काळविटाचा काळा रंग म्हणजे वयाचं आणि वजनाचं प्रशस्तिपत्र. नर जन्मतः भुरा, मादीसारखाच. तिसऱ्या वर्षाच्या आसपास काळा पडायला लागतो. आणि तो रंग वर्षभर सारखा राहत नाही. थंडीत सर्वांत गडद, उन्हाळा लागला की उतरून तपकिरी. म्हणजे कार्तिक-मार्गशीर्ष हाच आमचा मोसम! शिंगं मात्र कायमची. चितळ, सांबराची शिंगं दरसाल गळतात आणि पुन्हा येतात, काळविटाची एकदा आली की मरेपर्यंत, बैलासारखी. एवढा ऐटदार गडी, पण वजन ३५ ते ४० किलो. दुकानातली डीएपीची गोणी ५० किलोची असते. मी ती खांद्यावर घेतो!

आता गाडीचं. आजोबांपासून पारध्यांपर्यंत सगळ्यांनी सांगितलं ते हेच की वाहनाचा आडोसा हवा, आणि टेक्सासने सांगितलं की आडोशातच घर करा. दाजी, म्हणजे बहिणीचे मालक, लगेच म्हणाले, "आपली ट्रॅक्टरची ट्रॉली आहे. कमानी ठोकू, ताडपत्री टाकू, खाली उसाचं पाचट, वर गाद्या." कल्पना काही हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. दिवाळी सरली की आमच्या मराठवाड्यातून अर्धी गावं अशीच निघतात, ऊसतोडीला, ट्रॉलीत संसार भरून, पोरं-कोंबड्या-चुली सगळं वर. फरक एवढाच की त्यांना हौस नसते. पण माल वाहायच्या ट्रॉलीत माणसं बसवून रस्त्याने नेणं कायद्यात बसत नाही, आणि ट्रॅक्टरला समृद्धी महामार्गावर सोडत नाहीत. दाजींचा विरस झाला. मग पुतण्याने बिडकीनमधल्या फॅब्रिकेशनवाल्याला गाठलं. त्याने जीपमागं ओढायचा छोटा ट्रेलर करून देतो म्हणून कागदावर रेघोट्याही काढल्या. फार सुंदर चित्र होतं. पण रस्त्यावर आणायचा तर तोही आरटीओकडून पास हवा, नंबर हवा. तो पुढच्या साली. यंदा भाड्याची कॅम्परव्हॅन.

अशा गाड्या भाड्याने मिळतात हे तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा आणलंय. पुण्याहून चालकासकट गाडी येते. आम्ही एक बघून आलो. दार उघडून आत पाय टाकला आणि बायको, जी तोवर "खर्च" या एका शब्दावर अडून बसली होती, ती गप्प झाली. सोफा ओढला की पलंग. पलंगाखाली कप्पे. दोन शेगड्या, खाली मिनी फ्रीज, टाकीच्या पाण्याचा नळ. छोटंसं संडास-बाथरूम, आणि ते बघताच वहिनी म्हणाल्या, "मग मी येते." सगळ्या बेतातलं सर्वांत मोठं वळण हेच होतं, लिहून ठेवतो. माळरानाच्या सहलींत बायका का येत नाहीत, याचं उत्तर त्या दोन बाय तीन फुटांत आहे. बाहेरच्या अंगाला छपरापासून ओढून काढायचा मांडव आहे. खिडक्यांना गडद पडदे आहेत, म्हणजे लेन्सपुरती फट ठेवून आत अंधारात बसता येतं. दाजींनी भाड्याचा हिशोब कापसात केला, तीन क्विंटल. मग खिडकीत बसून पडद्याच्या फटीतून बाहेर बघितलं आणि म्हणाले, "जाऊ दे, दीड दीड."

झोपायची सोय चौघांची आणि आम्ही दुपटीहून जास्त. मायला आणि लेकरांना पलंग, बाकीचे तंबूत. मागं दादाची जीप.

लेन्स हा दुसरा डोंगर. मोबाईलच्या फोटोत आमचं काळवीट मुंगीएवढं आलं होतं. गावात लग्नाचे फोटो काढणारा एक दोस्त आहे. त्याच्याकडे ४०० मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स आहे, नवरा-नवरीला कशाला लागते देव जाणे. तो द्यायला तयार, पण तुळशीची लग्नं लागली की माणसांची सुरू होतात, त्यामुळे त्याच्या पहिल्या मुहूर्ताच्या आत परत हवी. इकडे मायची अट, वद्य एकादशीला पैठणला नाथांच्या समाधीवर पोचलंच पाहिजे. तिकडे कापसाची वेचणी, मजूर मिळतात तेव्हाच उरकायची. पंचांग, लग्नाच्या तारखा, वेचणी आणि पोरांची शाळा, चारही कागद शेजारी ठेवून कार्तिक वद्यातले तीन दिवस निघाले. मी इतका आनंदलो की ते तीन दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने रंगवताना खाली एक काळवीटही काढलं. लेकीने ते बोकड आहे असं जाहीर केलं.

कामं वाटून दिलीत. पुतण्या माग काढणार. त्याने ओल्या मातीतल्या ठशांचे फोटो जमवलेत. हरणाचा खूर दोन टोकदार फाकांचा, बकरीचा बोथट, एवढं तर मलाही आता कळतं. मुलगा वारा बघणार. हरणाला माणसाचा वासही येतो, म्हणून वारा आपल्या तोंडावर हवा. त्यासाठी त्याने काठीला लोकरीचा दोरा बांधलाय आणि ॲपवर त्याचा विश्वास नाही. लेक वही लिहिणार: किती माद्या, किती काळे नर, किती भुरे, लेंड्यांचे ढीग कुठं. तिने वहीत पक्ष्यांचंही पान केलंय, कारण या दिवसांत गवताळ माळावर भोवत्या येतात, मध्य आशियाकडून थंडीला उतरलेले शिकारी पक्षी, गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारे. मी फोटो काढणार. दाजी चहा करणार. ते त्यांनीच मागून घेतलं.

बायकांचा कार्यक्रम वेगळा आणि तो ठरवताना मला विचारलेलंही नाही. येवला म्हणजे पैठणी! नाव आमच्या पैठणचं आणि माग येवल्यात, हा सल आमच्या तालुक्यातल्या बायकांच्या मनात कायमचा आहे. आमच्या पैठणलाही माग आहेत म्हणून मी सांगून बघितलं, कुणी ऐकलं नाही. दुपारी हरणं सावलीला बसतात, तेव्हा येवला. विणकराच्या घरी मागावर पदराचा मोर कसा उठतो ते बघायचं, "नुसतं बघायचं" असं दोघींनीही दोनदा सांगितलंय. दादाला मुक्तिभूमीवर जायचंय. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती जागा. इतक्या वेळा त्या रस्त्याने जाऊन तिथं उतरलो नाही, याचं त्याला वाईट वाटतं. आणि पोरांना अनकाईचा किल्ला चढायचाय. तो जमला तर तिसऱ्या दिवशी, मी हरणं सोडून किती हलतो त्यावर आहे.

मुक्काम राखीव क्षेत्रात नाही, तिथं तंबू ठोकायचाच नाही. कडेच्या एका शेतकऱ्याच्या खळ्यावर उतरणार आहोत. हेरायला गेलो तेव्हाच त्यांच्याशी बोलणं झालं, आणि माझ्या उत्साहाला पहिला ब्रेक तिथं लागला. मी काळविटाचं वर्णन करत सुटलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला हरभऱ्याच्या वावरात नेलं. नुकतं वर आलेलं रोप, आणि तासच्या तास शेंडे खुडलेले. "तुमाला दिसायला छान वाटतंय. आमी रातभर बॅटरी घेऊन बसतो." नुकसानीची भरपाई वन विभागाकडून मिळते, पण अर्ज, पंचनामा, फेऱ्या आल्याच. एवढं सांगून झाल्यावर तेच म्हणाले की मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीत पडलेलं पाडस त्यांनीच गावच्या पोरांना हाताशी धरून वर काढलं होतं. मी विचारलं, का काढलं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा प्रश्न विचारला नाही. भाडं घ्यायला ते तयार नव्हते. दुकानातून हरभऱ्याला लागेल ते औषध नेणार आहे, त्यावर तडजोड झाली. दादाने तर त्यांच्याबरोबर एक रात्र राखणीला बसायचं कबूल करून टाकलंय, आणि मला वाटतं सगळ्या सहलीत त्यालाच सर्वांत जास्त हरणं दिसणार.

खाण्याची यादी वहिनींच्या ताब्यात. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणचं पहिल्या दिवसाला. मग बाजरीची भाकरी, भरीत, आणि येसराची आमटी, कारण येसर डब्यात भरून नेलं की उकळत्या पाण्याचीच खोटी. हुरड्याला अजून महिना अवकाश आहे, नाहीतर मी तारखा पुढं ढकलल्या असत्या. मटण नाही. हे मायने ठरवलं. शिकारीला जाऊन शाकाहारी जेवणारं महाराष्ट्रातलं पहिलं खटलं आमचं असेल, पण तिच्याशी वाद कोण घालणार.

परवा भाच्याला सगळा बेत सांगितला. नकाशा दाखवला, पोराची लोकरीची काठी दाखवली. त्याने तो व्हिडिओ त्याच्या सहकाऱ्याला दाखवला. सहकाऱ्याने विचारलं म्हणे, की बंदूक नेत नाही तर परत आणणार काय? भाच्याने उत्तर दिलं, "पैठणी." हे मात्र वहिनींनी ऐकलं, आणि आता "नुसतं बघायचं" बंद झालंय.

तुम्हीही निघणार असाल तर या मोसमात निघा, होळीपर्यंत हातात वेळ आहे. ममदापूर, रेहेकुरी, सुपे, जे जवळ असेल ते. आधी तिथल्या वन कर्मचाऱ्यांशी बोला. सूर्य उगवायच्या आत पोचा, गाडीतून उतरू नका, हॉर्न नको, ड्रोन नको, रात्री उजेड मारत फिरू नका, उभ्या पिकात गाडी घालू नका. आणि विहिरीत पडलेलं किंवा गाडीने उडवलेलं हरीण दिसलं तर स्वतः ओढाताण करू नका. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आत्ताच मोबाईलमध्ये घालून ठेवा.